लीडिंग स्ट्रँड शेवटपर्यंत कॉपी होतो, मग त्याच्या टोकाला शेपूट कुठून येतं?

कृष्णाकाठ
मंडळी, मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. डीएनए रेप्लिकेशनच्या धड्यात एक ठरलेलं वाक्य असतं: लॅगिंग स्ट्रँडचा सगळ्यात टोकाचा आरएनए प्रायमर काढला की ती जागा भरता येत नाही, म्हणून प्रत्येक विभाजनात गुणसूत्राचं टोक थोडं आखूड होतं. पोरं लिहून घेतात आणि पुढचा मुद्दा येतो. यावेळी एका मुलीने विचारलं, सर, लीडिंग स्ट्रँड तर पार शेवटच्या अक्षरापर्यंत कॉपी होतो ना, मग जी दोन गुणसूत्रं बनतात त्यातल्या एकाचं टोक सपाट आणि दुसऱ्याचं एका स्ट्रँडचं लोंबतं, असं असतं का खरंच?

मी वाचायला बसलो तर दिसलं की माणसाच्या पेशीत दोन्हीकडे लोंबतं टोक असतं (इंग्रजीत ओव्हरहँग, इथे मी शेपूट म्हणतो). म्हणजे ते सपाट टोक नंतर कोणीतरी बदलतं. कोण बदलतं, कधी बदलतं, आणि मग आखूड होण्याचं खरं कारण कोणतं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाहीये.

भटकी_मैना
वाचतेय. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

गवतीचहा
ज्यांना बायो सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी आधी थोडं. डीएनए पॉलिमरेज हे एन्झाइम कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही, आधी आरएनएचा छोटा तुकडा कोणीतरी लावून द्यावा लागतो, तो प्रायमर. शिवाय ते एकाच दिशेने चालतं, त्यामुळे एक बाजू सलग कॉपी होते, तो लीडिंग स्ट्रँड, आणि दुसरी ओकाझाकी नावाच्या छोट्या तुकड्यांमध्ये, तो लॅगिंग. घर सारवताना आपण जिथे बसलोय तेवढी जागा सारवायची राहते ना, तशी प्रायमरखालची जागा राहते. मधल्या प्रायमरांची जागा शेजारचा तुकडा वाढून भरून काढतो, टोकाच्या प्रायमरला पलीकडे शेजारीच नसतो. एवढं कळलं तरी बारावीला पुरे आहे असं माझं मत. सपाट टोक वगैरे एमएस्सीला बघावं.

यीस्टवाला
थोडा इतिहास सांगतो कारण यात एका माणसाचं नाव कायम मागे राहतं. 1961 साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी फिलाडेल्फियात दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि थांबतात. का थांबतात ते कोणालाच माहीत नव्हतं. मॉस्कोत अलेक्सी ओलोव्निकोव्ह नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने याबद्दल व्याख्यान ऐकलं आणि घरी जाताना मेट्रो स्टेशनवर गाडी बघता बघता त्याला सुचलं की कॉपी करणारं यंत्र टोकाचा भाग सोडत असणार, प्रत्येक विभाजनात टोक झिजत असणार, आणि झीज संपली की पेशी थांबत असणार. 1971 मध्ये त्याने रशियनमध्ये छापलं. वॉटसनने 1972 मध्ये टी-7 या विषाणूच्या डीएनएबद्दल हीच अडचण वेगळ्या वाटेने मांडली. ओलोव्निकोव्हने तर असंही लिहिलं होतं की प्रजनन पेशी आणि कॅन्सरच्या पेशींमध्ये ही झीज भरून काढणारं एखादं एन्झाइम असलं पाहिजे. गुणसूत्रांच्या टोकांवरच्या कामासाठी 2009 चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना मिळालं, तिघांनी ते शंभर टक्के कमावलेलं आहे, पण ओलोव्निकोव्हचं नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत तरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

भटकी_मैना
@यीस्टवाला, प्रयोग न करता एवढं सगळं नुसत्या विचाराने?

यीस्टवाला
हो, पूर्ण तर्काने. तेव्हा टोकावरची अक्षरं (डीएनएचे घटक ए, टी, जी, सी) कोणती आहेत हेसुद्धा कोणी वाचलेलं नव्हतं. ते काम 1978 मध्ये ब्लॅकबर्न आणि गॉल यांनी केलं, टेट्राहायमीना नावाच्या तळ्यातल्या एकपेशीय जीवात. त्याच्या मोठ्या केंद्रकात गुणसूत्रांचे बारीक बारीक तुकडे होतात, त्यामुळे एका पेशीत हजारो टोकं मिळतात, माणसाच्या पेशीत जेमतेम 92. टोकावर टीटीजीजीजीजी ही सहा अक्षरं परत परत येताना दिसली. 1982 मध्ये शोस्टाकने ती टोकं यीस्टमधल्या सरळ प्लाझमिडला (गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा तुकडा) जोडली आणि एरवी टिकत नसलेला तो डीएनए टिकला! कुठे तळ्यातला जीव, कुठे यीस्ट, दोघांमध्ये एवढं अंतर असून टोकाची पद्धत चालली. मग 1984 च्या ख्रिसमसला ग्रायडरला फिल्मवर सहा-सहा अक्षरांच्या अंतराने पट्ट्या दिसल्या, ते टेलोमरेज. टोकावर अक्षरं वाढवतं आणि त्यासाठीचा नमुना स्वतःच्याच आरएनएमध्ये घेऊन फिरतं.

पेशीवाली
@गवतीचहा, सारवण्याचं चित्र छान आहे पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, की मूळ टोक सपाट होतं. ते सपाट नसतंच, आणि सगळी मेख तिथे आहे.

माणसात टीटीएजीजीजी ही अक्षरं हजार-दोन हजार वेळा येतात. हा जो जी-वाला स्ट्रँड, तो समोरच्या सी-वाल्या स्ट्रँडपेक्षा साधारण 50 ते 300 अक्षरं पुढे आलेला असतो. आता कॉपी करणारा फाटा (दोन स्ट्रँड जिथे उलगडतात ती जागा) टोकाकडे सरकतोय असं डोळ्यासमोर आणा. लीडिंगवालं यंत्र वाचतं सी-स्ट्रँड. सी-स्ट्रँड संपला की त्याचं वाचन संपलं. पुढे आलेलं शेपूट आहे जी-स्ट्रँडचं आणि जी-स्ट्रँड गेला लॅगिंगच्या वाटणीला. म्हणजे लीडिंगच्या बाजूला जे नवीन टोक बनलं ते सपाट, आणि शेपटाएवढी लांबी त्या बाजूला तिथल्या तिथे गेली, प्रायमरचा काही संबंध न येता.

उलट लॅगिंगच्या बाजूला जुनं शेपूट शाबूत आहे. शेवटचा प्रायमर त्या शेपटावरच लागला तर तो काढल्यावर परत शेपूटच उरेल, नुकसान काहीच नाही. लिंगनर, कूपर आणि चेक यांनी 1995 मध्ये सायन्समध्ये हाच मुद्दा मांडला होता की अडचण लॅगिंगची नसून लीडिंगची आहे. म्हणजे कृष्णाकाठ सरांच्या विद्यार्थिनीने बरोबर त्याच जागी बोट ठेवलंय. आणि म्हणून मला बारावीला पुरे हे पटत नाही, जो प्रश्न बारावीतल्या मुलीला स्वतःहून पडतो त्याचं उत्तर बारावीतच मिळायला हवं.

गवतीचहा
मुद्दा मान्य, पण पाठ्यपुस्तकात एवढं सगळं घातलं तर मुलं पळून जातील. आणि लॅगिंगचा प्रायमर बरोबर शेपटाच्या टोकावरच लागतो हे कोणी बघितलंय?

पेशीवाली
चांगला प्रश्न आहे, त्यावर येते. आधी सपाट टोकाचं होऊ दे.

कृष्णाकाठ
हो, आणि एक आडप्रश्न. सपाट राहिलं तर बिघडलं कुठे? शेपूट पाहिजेच कशाला?

साता_समुद्रापार
सपाट टोक आणि तुटलेला डीएनए यात पेशीला फरक कळत नाही. क्ष-किरणाने किंवा कशाने डीएनए तुटला की कू नावाचं प्रथिन दोन्ही तुकड्यांची टोकं पकडतं आणि लायगेज ती सांधून टाकतं. हे दुरुस्तीचं काम फार गरजेचं आहे, पण तेच गुणसूत्रांच्या टोकांवर झालं तर दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटतील. मग विभाजनात दोन बाजूंनी ओढली जातील, मध्ये तुटतील, तुटलेली टोकं परत चिकटतील. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात हे चक्र सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं, आणि त्याच सुमारास म्यूलर फळमाशांवर क्ष-किरण सोडून त्याच निष्कर्षावर आले की नैसर्गिक टोकात काहीतरी खास आहे. गुणसूत्राच्या या टोकाला टेलोमियर हे नाव म्यूलरचं, 1938 सालचं. डीएनए दुहेरी असतो हे कळायच्या कितीतरी आधी!

शेपूट लागतं ते टोक लपवायला. ते मागे वळून स्वतःच्याच दुहेरी भागात घुसतं आणि फास तयार होतो, त्याला टी-लूप म्हणतात. 1999 मध्ये ग्रिफिथ आणि डी लांज यांच्या गटांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे फोटो काढले. बरोबर शेल्टरिन हा सहा प्रथिनांचा संच असतो, त्यातलं टीआरएफ-2 हा फास धरून ठेवायला मुख्य, आणि पॉट-1 एकेरी शेपटावर बसतं.

आता मूळ प्रश्न. टीआरएफ-2 स्वतःबरोबर अपोलो नावाचं एक न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) बाळगून असतं. लीडिंगचं सपाट टोक तयार झालं की अपोलो तिथे सी-स्ट्रँडची कड थोडीशी कुरतडतं. मग एक्सो-1 नावाचं दुसरं न्यूक्लिएज येऊन बरंच आत जातं, खरं तर पाहिजे त्यापेक्षा जास्तच. शेपूट नको इतकं लांब होतं. मग सीएसटी नावाचा तीन प्रथिनांचा गट पॉलिमरेज अल्फा-प्रायमेजला (प्रायमर लावून कॉपी सुरू करणारं एन्झाइम) घेऊन येतो आणि सी-स्ट्रँड परत थोडा भरून काढतो. कुरतडणं आणि भरणं यातून शेपटाची लांबी ठरते. डी लांज यांच्या प्रयोगशाळेने हा क्रम उंदराच्या पेशींमध्ये 2012 मध्ये उलगडून दाखवला. अपोलो काढून टाकलं की लीडिंगने बनलेली टोकंच एकमेकांना चिकटायला लागतात, लॅगिंगची नाही. म्हणजे सपाट टोक फक्त कागदावरचं नव्हतं, पेशीत ते खरंच तयार होत होतं.

कृष्णाकाठ
अफाट आहे हे. म्हणजे टोक वाचवण्यासाठी पेशी स्वतःच्या हाताने टोक कुरतडते!

यीस्टवाला
+1. यीस्टमध्येही सीएसटी आहे, तिथे पहिल्या प्रथिनाचं नाव सीडीसी-13. स्टन-1, टेन-1 तीच. नावं थोडी बदलतात, काम ओळखू येतं.

अण्णा_वडगावकर
नमस्कार. मी निवृत्त बँक कर्मचारी, वय 71. विषय अर्धा डोक्यावरून गेला पण वाचायला मजा येतेय. माझा साधा प्रश्न. मुलाने ऑनलाइन एक तपासणी करून घेतली, थुंकीचा नमुना पाठवला, रिपोर्ट आला की तुमच्या टेलोमियरचं वय 64. खाली त्यांच्याच गोळ्यांची जाहिरात, टेलोमियर लांब करणाऱ्या, तीन महिन्यांचा कोर्स. घ्याव्यात का?

हिमोग्लोबिन
अण्णा, नका घेऊ. मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे म्हणून जरा स्पष्ट लिहितो. एकाच वयाच्या निरोगी माणसांमध्ये टेलोमियरच्या लांबीत जन्मापासूनच इतका फरक असतो की एका आकड्यावरून कोणाचं "खरं वय" सांगता येत नाही. हजारो लोकांची सरासरी काढली तर वयाबरोबर लांबी कमी होताना दिसते, एकट्या माणसाला त्याचा उपयोग नाही. 71 आणि 64 मधला फरक मोजणीच्या चुकीतसुद्धा सहज बसतो.

तपासणीला खरा अर्थ आहे तो वेगळ्या ठिकाणी. मूल येतं, नखं वेडीवाकडी, जिभेवर पांढरे चट्टे, मानेवर जाळीसारखा काळपटपणा, आणि रक्तपेशी घटत चाललेल्या. हा डिस्केराटोसिस कंजेनिटा. टेलोमरेजच्या किंवा त्याला सांभाळणाऱ्या जनुकांमध्ये बिघाड असतो आणि टेलोमियर वयाच्या मानाने फारच आखूड असतात. मोठ्या माणसात हाच बिघाड कधी फुफ्फुसाच्या फायब्रोसिसच्या रूपाने समोर येतो, कधी अप्लास्टिक अनिमिया (मज्जेत रक्तपेशी पुरेशा न बनणं) म्हणून. तिथे आम्ही रक्तातल्या पेशींवर टेलोमियरची लांबी मोजणारी फ्लो-फिश नावाची तपासणी मागवतो, आणि तो रिपोर्ट महत्त्वाचा असतो कारण बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं झालं तर औषधांचे डोस आणि दाता निवडणं दोन्ही बदलतं. घरातला भाऊ किंवा बहीण दाता म्हणून घ्यायची तर तिच्यातही तोच दोष नाही ना हे आधी बघावं लागतं.

अण्णा_वडगावकर
डॉक्टरसाहेब, धन्यवाद. पैसे वाचले. त्या पैशात नातवाला सायकल येईल.

भटकी_मैना
हे सगळ्यात उत्तम अँटी-एजिंग 😊

चिकित्सक_चिमणी
पण मूळ तर्क तरी बरोबर ना? लांब टेलोमियर म्हणजे जास्त आयुष्य?

पेशीवाली
प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमियर आपल्यापेक्षा कितीतरी पट लांब असतात आणि तो जगतो दोन-तीन वर्षं. त्यामुळे सरळ हिशोब नाही.

हिमोग्लोबिन
आणि माणसात फार लांब असणंही धोक्याचं आहे. पॉट-1 च्या काही आनुवंशिक बदलांमध्ये टेलोमियर नेहमीपेक्षा लांब राहतात, अशा घरांमध्ये मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर), काही रक्ताचे कॅन्सर जास्त दिसतात. झीज होऊन पेशी थांबणं हे कॅन्सरविरुद्धचं एक संरक्षण आहे. ज्या पेशीत विभाजनाचा ताबा सुटलाय ती चाळीस-पन्नास फेऱ्यांनंतर आपोआप अडकते. जी निसटते तिने बहुतेक वेळा टेलोमरेज परत चालू केलेलं असतं, 85 ते 90 टक्के कॅन्सरमध्ये ते चालू सापडतं. उरलेल्यांपैकी बरेच टेलोमरेजशिवाय, एका टोकावरून दुसऱ्यावर कॉपी करून लांबी टिकवतात. म्हणूनच टेलोमरेज अडवणारं इमेटेलस्टॅट हे औषध आलं, जून 2024 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, एमडीएस या मज्जेच्या आजाराच्या कमी धोक्याच्या प्रकारात ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्यासाठी. म्हणजे अण्णा, ज्या एन्झाइमला चेतवणारी गोळी कोणी विकतंय, त्याच एन्झाइमला रोखण्याचं औषध आम्ही वापरायला लागलोय.

यीस्टवाला
अवांतर: हेला पेशी. 1951 मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या, आजही विभागतायत. माणसातलं टेलोमरेज पहिल्यांदा 1989 मध्ये याच पेशींमध्ये सापडलं. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेची पेशीपेढी आहे तिथून देशभर पेशी जातात. त्या बाईंना न विचारता घेतलेल्या पेशींवर आपण सगळे इतकं शिकलो, त्यामुळे विद्यार्थ्यांना हेला म्हणताना ते कोणाचं नाव आहे हेही सांगत जा सर.

कृष्णाकाठ
नक्की सांगेन. @पेशीवाली, गवतीचहांचा प्रश्न राहिलाय, लॅगिंगचा शेवटचा प्रायमर कुठे लागतो?

पेशीवाली
हो, आता तो. 2012 मध्येच शे आणि राइट यांच्या गटाने मोजलं होतं की माणसाच्या पेशीत लॅगिंगचा शेवटचा प्रायमर अगदी टोकावर लागत नाही, सुमारे 70 ते 100 अक्षरं आत लागतो. मग 2024 मध्ये नेचरमध्ये डी लांज आणि यील्स यांच्या गटांचं काम आलं आणि चित्र स्वच्छ झालं.

यील्स यांच्या प्रयोगशाळेत कॉपी करणारं पूर्ण यंत्र शुद्ध प्रथिनांपासून नळीत जोडता येतं. त्यात दिसलं की लॅगिंगचा प्रायमर शेपटावर लागतच नाही. कारण समजून घ्या. डीएनएचे दोन स्ट्रँड उलगडणारं जे हेलिकेज आहे, ते चालतं लीडिंगच्या टेम्प्लेटवरून, म्हणजे सी-स्ट्रँडवरून. सी-स्ट्रँड संपला की ते टोकावरून सुटून जातं, आणि त्याच्याबरोबरचं प्रायमर लावणारं यंत्रही जातं. पुढचं शेपूट उघडंच राहतं. त्यामुळे लॅगिंगचं काम टोकाच्या बरंच अलीकडे थांबतं. पेशींमध्ये सीएसटीचं भरण्याचं काम बंद पाडलं तर लॅगिंगच्या बाजूचा सी-स्ट्रँड प्रत्येक फेरीत 50-60 अक्षरं गमावतो, आणि लीडिंगच्या बाजूचा साधारण 100, कारण तिथे न्यूक्लिएजने कुरतडलेलं असतं.

म्हणजे 1995 मध्ये जे वाटलं होतं की लॅगिंगला त्रासच नाही, तेही पूर्ण खरं नाही. दोन वेगळ्या अडचणी आहेत. लीडिंगला शेपूट वाचता येत नाही, त्यात जी-स्ट्रँडची लांबी जाते. लॅगिंगला शेपटापर्यंत पोचता येत नाही, त्यात सी-स्ट्रँडची जाते. पहिलीवर इलाज टेलोमरेज, दुसरीवर सीएसटी.

गवतीचहा
म्हणजे पुस्तकातलं वाक्य निम्मं तरी बरोबर निघालं!

पेशीवाली
निष्कर्ष निम्मा बरोबर, कारण वेगळं. नुसता प्रायमर काढल्याने जाणारी जागा फार थोडी, दहा-बारा अक्षरांची. प्रायमर मुळात इतका आत का लागतो हे पुस्तक सांगत नाही. पण हे बारावीच्या मुलांना एका आकृतीत दाखवता येतं, शेपूट आधीपासून काढायचं आणि हेलिकेज कोणत्या स्ट्रँडवर बसलंय ते दाखवायचं, बाकी पोरं स्वतःच सांगतील.

गवतीचहा
हे पटलं. आकृती तयार केलीत तर इथे टाका, मी पण क्लासमध्ये वापरेन.

चिकित्सक_चिमणी
एक शंका. टेलोमरेज चालू असलेल्या पेशीत ते दोन्ही स्ट्रँड वाढवतं का?

साता_समुद्रापार
नाही, फक्त जी-स्ट्रँड. शेपूट वाढवतं, कॅन्सरच्या पेशींमध्ये एका फेरीत एका टोकाला साधारण 50-60 अक्षरं. समोरचा सी-स्ट्रँड भरायला परत सीएसटी आणि पॉलिमरेज अल्फाच लागतं, आणि ते भरणं लगेच होत नाही, डीएनए कॉपी होण्याच्या टप्प्याच्या शेवटाकडे किंवा त्यानंतर होतं. शिवाय सीएसटी शेपटावर बसलं की टेलोमरेजला पुढे वाढवू देत नाही. त्यामुळे वाढ थांबवणं आणि दुसरी बाजू भरणं ही दोन्ही कामं एकाच गटाकडे आहेत.

कृष्णाकाठ
शेवटची शंका. आपल्या बहुतेक शरीरपेशींमध्ये टेलोमरेज बंदच असतं, टोक झिजणारच आहे. मग तिथे सीएसटी बिघडलं तर कितीसा फरक पडेल?

हिमोग्लोबिन
खूप पडतो सर. सीएसटीमधल्या सी म्हणजे सीटीसी-1 च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर कोट्स प्लस नावाचा आजार होतो, 2012 मध्ये कारण सापडलं. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात, मेंदूत कॅल्शियमचे साठे आणि पाण्याच्या गाठी होतात, हाडं ठिसूळ, आतड्यातून रक्तस्राव. फार दुर्मीळ आहे, आणि टेलोमियरच्या लांबीचा रिपोर्ट काही रुग्णांमध्ये आखूड येतो तर काहींमध्ये नॉर्मल. त्यामुळे असा पेशंट आला तर नुसती लांबी मोजून थांबू नये, जनुकाची तपासणी मागवावी.